मेल सर्व्हरचा आउटबाउंड आयपी ॲड्रेस कसा सेट करायचा? संपूर्ण माहिती मराठीत

परीक्षेचा फॉर्म भरला, हॉल तिकिटाचा मेल येणार होता आणि तो आलाच नाही. शोधल्यावर कुठे सापडला? स्पॅममध्ये! तोवर तारीख निघून गेली, तर वर्ष वाया. यात दोष आपल्या फोनचा नसतो. बऱ्याचदा पाठवणाऱ्या सर्व्हरचा आउटबाउंड आयपी नीट सेट केलेला नसतो.

आउटबाउंड आयपी म्हणजे काय?

एका सर्व्हरला एकापेक्षा जास्त आयपी असू शकतात. ज्या आयपीवरून तो मेल बाहेर पाठवतो, तो आउटबाउंड आयपी. आत येणारे मेल दुसऱ्याच आयपीवर येत असतील, तरी चालतं.

मेल पाठवण्याचे एसएमटीपी हे नियम १९८२ मध्ये ठरले, तेव्हा पाठवणाऱ्याची ओळख तपासायची सोय त्यात नव्हती. पाकिटावर प्रेषक म्हणून कोणाचंही नाव लिहिता येतं, पण पोस्टाचा शिक्का पाकीट जिथे टाकलं तिथलाच बसतो. आयपी म्हणजे तो शिक्का. म्हणून जीमेल आधी आयपी बघतो.

घरच्या वायफायवरून का नाही?

मी सिंदी मेघेत राहतो, वर्ध्याला अगदी लागून. इथल्या एका अभ्यासिकेला पोरांना टेस्टचे निकाल स्वतःच्या सर्व्हरवरून पाठवायचे होते, तेही घरगुती ब्रॉडबँडवर. मी त्यांना तीन कारणं सांगितली.

एक, घरचा आयपी बदलत राहतो. दोन, राउटरमध्ये १००.६४ ते १००.१२७ यांपैकी आकड्यांनी सुरू होणारा आयपी दिसला, तर समजायचं की बाहेरचा आयपी तुम्ही बऱ्याच ग्राहकांसोबत वाटून घेताय. तीन, स्पॅमहॉसच्या पीबीएल यादीत असे घरगुती आयपी असतात आणि तिथून थेट आलेला मेल अनेक सर्व्हर दारातूनच परत पाठवतात.

म्हणून स्थिर आयपी असलेला क्लाउड सर्व्हर घ्या. घेण्याआधी २५ नंबरचा पोर्ट बाहेर जायला उघडा आहे का, हे विचारा. ॲमेझॉन आणि गूगल, दोघांच्याही क्लाउडवर तो सुरुवातीला अडवलेला असतो.

सेटिंग कशी करायची?

उदाहरणासाठी मी २०३.०.११३.२५ हा आयपी घेतोय. हे आकडे फक्त उदाहरणांसाठीच राखीव आहेत, तिथे स्वतःचा आयपी टाका. इथे सगळं मराठीत लिहिलंय, पण सर्व्हरवर शब्द आणि अंक इंग्रजीतच टाइप करायचे.

१. पोस्टफिक्सची मेन डॉट सीएफ फाइल उघडा. त्यात एसएमटीपी_बाइंड_ॲड्रेस = २०३.०.११३.२५ ही ओळ टाका. सर्व्हरला स्वतःच्या आत फक्त खाजगी आयपी दिसत असेल, तर इथे तो खाजगी आयपीच द्यायचा. सार्वजनिक आयपीशी जोडणी क्लाउड कंपनी करते. एक्झिम वापरत असाल, तर एसएमटीपी ट्रान्सपोर्टमध्ये इंटरफेस हा पर्याय बघा.

२. एसएमटीपी_हेलो_नेम मध्ये सर्व्हरचं पूर्ण नाव द्या. समोरच्याला सर्व्हर याच नावाने ओळख देतो.

३. त्या नावाचा ए रेकॉर्ड आउटबाउंड आयपीकडे वळवा. मग आयपीवरून नाव सांगणारा पीटीआर रेकॉर्ड लावा. तो डोमेनच्या पॅनलमध्ये नाही, तर आयपी देणाऱ्या कंपनीकडे लागतो. नाव आणि आयपी दोन्ही बाजूंनी जुळलेच पाहिजेत.

४. डोमेनच्या एसपीएफ रेकॉर्डमध्ये हाच सार्वजनिक आयपी लिहा. 'माझ्या नावाने मेल पाठवायची परवानगी या आयपीला आहे' असं तो रेकॉर्ड जगाला सांगतो.

५. पोस्टफिक्स चेक ही कमांड चालवा. चूक दिसली नाही, तर पोस्टफिक्स रीलोड करा.

आयपीव्ही६ विसरू नका

सगळं बरोबर करूनही मेल अडकतोय? मग सर्व्हर बहुतेक आयपीव्ही६ वरून बाहेर पडतोय आणि त्याचा पीटीआर नाहीये. एक तर एसएमटीपी_बाइंड_ॲड्रेस६ भरून त्याचेही रेकॉर्ड लावा, नाहीतर आयनेट_प्रोटोकॉल्स मध्ये फक्त आयपीव्ही४ ठेवा. हा दुसरा बदल केला, तर पोस्टफिक्स पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो.

बरोबर झालं की नाही, कसं कळेल?

स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा. लॅपटॉपवर तो उघडून तीन ठिपक्यांतून 'शो ओरिजिनल' निवडा. एसपीएफसमोर 'पास' आणि तुमचाच आयपी दिसला, की काम फत्ते.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने नियम कडक केलेत. प्रत्येक पाठवणाऱ्याला पीटीआर आणि एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी लागतं. जीमेल खात्यांवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क, तिन्ही लागतात.

शेवटी एक सल्ला. नव्या आयपीवरून पहिल्याच दिवशी हजारो मेल सोडू नका. थोडे थोडे वाढवा. आणि निकाल, ओटीपी यांसारखे महत्त्वाचे मेल एका आयपीवरून, जाहिराती दुसऱ्या आयपीवरून पाठवा. त्यासाठी मास्टर डॉट सीएफमध्ये वेगवेगळे बाइंड ॲड्रेस देता येतात. जाहिरातींमुळे एखादा आयपी बदनाम झाला, तरी कोणाचं हॉल तिकीट अडकायला नको!