राशोल सेमिनरी

राशोल सेमिनरी हे गोव्यातील साष्टी तालुक्यात, जुवारी नदीकाठच्या राशोल गावी असलेले कॅथलिक धर्मगुरूंच्या शिक्षणाचे निवासी विद्यालय आहे. गावाचे जुने नाव रायतूर.

स्थापना

साष्टीत धर्मप्रसारासाठी आलेल्या जेझुइट संघाने सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रथम मडगाव येथे विद्यालय काढले. आदिलशाही फौजांच्या स्वाऱ्यांमुळे ते राशोलच्या किल्ल्याच्या आश्रयास हलवावे लागले. सध्याच्या वास्तूची पायाभरणी १६०६ मध्ये झाली व १६१० मध्ये ती पूर्ण झाली.

ग्रंथमुद्रण

मराठी वाचकास राशोलचे महत्त्व येथील छापखान्यामुळे आहे. लोकांना समजेल असा उपदेश करावयाचा, तर परदेशी धर्मगुरूंना लोकभाषा शिकणे भाग होते. १५७९ मध्ये गोव्यास आलेले इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये येथेच रोमन लिपीत छापले गेले. त्यांचे कोकणी व्याकरण त्यांच्या निधनानंतर, १६४० मध्ये येथेच प्रसिद्ध झाले. पुढे धोरण उलटले. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकभाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला. ख्रिस्तपुराणाच्या सतराव्या शतकात तीन आवृत्त्या निघाल्या, पण त्यांपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. जे. एल. सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे काढलेली आवृत्ती हस्तलिखितांवरूनच सिद्ध करावी लागली.

जेझुइटांनंतर

पोर्तुगालचे मंत्री पोंबाल यांनी १७५९ मध्ये जेझुइटांना हद्दपार केले. त्यानंतर १७६२ मध्ये येथे धर्मप्रांताची सेमिनरी सुरू झाली. युरोपीय धर्मसंघांची दारे स्थानिकांना बहुधा बंदच असत. त्यामुळे गोमंतकीय तरुणास धर्मप्रांतीय धर्मगुरू होणे हाच मार्ग उरे, आणि तो प्रामुख्याने राशोलवरून जाई. एतद्देशीय धर्मगुरू घडले, पण वरिष्ठ पदे पोर्तुगिजांकडेच राहिली. १७८७ च्या पिंटोंच्या कटामागे, ज्यात अनेक गोमंतकीय धर्मगुरू सामील होते, ही सल होतीच. राउल गोन्साल्विस यांच्या रूपाने गोव्यास गोमंतकीय आर्चबिशप लाभला तो १९७८ मध्ये.

शिक्षणक्रम

सेमिनरी गोवा व दमण महाधर्मप्रांताच्या अखत्यारीत चालते. विद्यार्थी प्रथम तत्त्वज्ञान व नंतर ईश्वरविज्ञान शिकतात. बायबल, धर्मकायदा, उपासनाविधी यांचाही अभ्यास असतो. संगीतशिक्षणाची येथील परंपरा जुनी आहे. अभ्यासक्रमाच्या अखेरीस विद्यार्थी आधी डीकन होतो आणि त्यानंतर त्यास गुरुदीक्षा मिळते. १९९४ मध्ये येथे उघडलेले ख्रिस्ती कलासंग्रहालय पुढे जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात हलविण्यात आले.