छत्री नसलेले अळंबे

माथेरानच्या पायथ्याशी चौक नावाचे गाव आहे. चौक म्हणजे चतुष्क, चार वाटा मिळतात ती जागा. प्राकृतात चउक्क, पुढे चौक. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट इथूनच माथेरानचा डोंगर चढले. त्या उतारावरच्या रानात पावसाळ्यात पाचोळ्यातून फिकट पिवळ्या फांद्यांचे झुबके उगवतात. इंग्रजीत त्यांना कोरल फंगस म्हणतात. मराठीत काय म्हणावे?

भूछत्र म्हणावे तर छत्र कुठे आहे? छद् म्हणजे झाकणे, त्यावरून छत्र आणि छत्राक. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात छत्राक आणि कवक दोन्ही वर्ज्य अन्नांत येतात. फारसीतले चत्रही या छत्राचेच रूप. याहून जुना शब्द ऋग्वेदातला क्षुम्प. कृपण माणसाला इंद्र क्षुम्पासारखा पायाने कधी उडवील, असे तिथे विचारले आहे. यास्क निरुक्तात त्याचा अर्थ देतो अहिच्छत्रक, म्हणजे सापाची छत्री. उर्दूतली ‘साँप की छतरी’ याच कल्पनेची वारस असावी. आपल्याकडे सापाच्या जागी कुत्रा आला. हिंदीच्या कुकुरमुत्त्यातही तोच. पंजाबी खुंब आणि हिंदी खुंभी मात्र थेट क्षुम्पाच्या घराण्यातली दिसतात.

अळंबे या शब्दाला छत्रीशी देणेघेणे नाही. कोकणीत अळमी, तुळूत अळंबु, कन्नडात अणबे, जुन्या तमिळात आम्बी. ही माळ पाहता मूळ द्राविडी असावे. छत्री नसलेल्या आपल्या झुबक्यालाही हे नाव सहज चालते.

उरले कोरल, म्हणजे पोवळे. प्रवाल, प्राकृत पवाल, मराठी पोवळे. हा समुद्रातला शब्द रानात कसा चालेल, अशी शंका येईल. पण संस्कृतात प्रवाल म्हणजे कोवळा अंकुर, पालवीसुद्धा. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात पार्वतीच्या स्मिताचे वर्णन करताना कालिदास एकाच श्लोकात पालवीला प्रवाल म्हणतो आणि समुद्रातल्या पोवळ्याला विद्रुम. विद्रुमातही द्रुम, म्हणजे झाड, आहेच. अंकुर हा अर्थ आधीचा असावा आणि फांद्यांच्या साम्यावरून तो समुद्रात उतरला असावा. तेव्हा ‘पोवळअळंबे’ म्हणताना आपण समुद्राकडून उसने घेत नाही. शब्द आपल्या रानात परत येतो.

शास्त्रीय नावेही आकाराकडेच बोट दाखवतात. रामारिया लॅटिन रामुसवरून, म्हणजे फांदी. क्लाव्हारिया क्लावावरून, म्हणजे सोटा. पण ओळख पटवायला आकार पुरत नाही. झुबका मातीतून आला की कुजक्या लाकडातून, हे आधी पाहावे. टोके बोथट, अणकुचीदार की मुकुटासारखी, हे नंतर. लाकडावरचा मुकुटधारी आर्टोमायसिस असू शकतो. रबरासारखा लवचीक, चिकट असेल तर कॅलोसेरा. काळ्या कागदावर बीजाणू गळू द्यावेत: क्लाव्हारियाचे पांढरे, रामारियाचे बहुधा गेरूपिवळे. खाण्याबाबत नावावर भरवसा नको. रामारिया फॉर्मोसा या जातीच्या नावातला फॉर्मोसा म्हणजे सुंदर, आणि ती खाल्ली तर जुलाब आणि पोटात मुरडा. म्हणून पोवळअळंबे हे नाव ओळखीच्या पहिल्या पायरीपुरते वापरावे. जात ठरवायला बीजाणू पाहावेत आणि ताटात वाढायला जाणत्याची खात्री असावी.