सागाचें झाड आणि समुद्र

झरी जामणीच्या रानांत साग आहे, आणि तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते. तिचें पाणी वर्धेंत, वर्धेचें प्राणहितेंत व प्राणहितेचें गोदावरींत मिळून अखेर समुद्रास जातें. नुकताच तोडलेला सागाचा ओंडका या प्रवाहांत लोटला तर तो तरंगत जाईल, असें कोणासही वाटेल. पण तो बहुधा तळ गांठतो. निदान पाठ जेमतेम पाण्यावर ठेवतो.

वस्तु जेवढें पाणी बाजूस सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका आधार तिला खालून मिळतो, हा आर्किमीडीजचा नियम. एक घनफूट पाणी सुमारें ६२ पौंड भरतें. तेवढाच सुकलेला साग चाळीस पौंडांच्या आसपास; ओल्या सागांत मात्र रस इतका असतो कीं तो पाण्याच्या तोडीस तोड जड होतो.

ब्रह्मदेशांतील जंगलांत यावर जो उपाय रूढ होता, तो ग्रंथांतून आलेला नव्हे. बुंध्याभोंवतीं साल व तिच्या आंतील कोवळें लाकूड गाभ्यापर्यंत कापून वळें काढीत. वर चढणारा रस तुटे. झाड उभ्याउभ्या मरे आणि दोन-तीन वर्षें जागच्या जागीं सुके. मग तें पाडून हत्तींकरवीं नदीपर्यंत ओढीत. पुढचें काम पावसाळ्याचा पूर करी.

इंग्लंडांतील ओक अपुरा पडूं लागला, तेव्हां मुंबईच्या गोदींत मलबारी सागाचीं लढाऊ जहाजें बांधण्यांत आलीं. वाडिया घराण्यांतील जमशेटजी बोमनजी हे तेथील मुख्य कारागीर. १८१३ सालच्या 'कॉर्नवॉलिस' जहाजावर १८४२ त चीनशीं नानकिंगचा तह झाला. १८१७ सालचें 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर उभें आहे. दोनशें वर्षें तरणारें लाकूड तें हेंच, जें ओलें असतां बुडतें!

किंमत मलबारनें दिली. १८०६ सालीं कॅप्टन वॉटसन यांची वनरक्षक म्हणून नेमणूक झाली, आणि सागावर सरकारी मक्ता बसला. ज्याच्या जमिनींत झाड, त्यालाही तें तोडण्याची मुभा उरली नाहीं. जमीनदार व व्यापारी दोघेही त्रासले, तेव्हां १८२३ त मद्रासचे गव्हर्नर मन्रो यांनीं तें पदच मोडलें. यांत मन्रोंचा न्याय खरा. पण त्यानें गेलेलीं झाडें परत येणार नव्हतीं. जेथून ओंडका पाण्यापर्यंत नेतां येई, ती रानें आधीं उजाड झालीं होतीं.

१८४० नंतर कलेक्टर कनोली यांच्या आज्ञेवरून चातू मेनन यांनीं निलंबूर येथें सागाची लागवड केली. जागा निवडली तीही चलियार नदीच्या कांठची.