गोव्यातील पर्यटन हंगाम

गोव्यातील पर्यटन हंगाम म्हणजे भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील गोवा राज्यात पर्यटकांची ये-जा, समुद्रस्नान, जलक्रीडा आणि त्यांवर अवलंबून असलेले व्यवसाय ज्या काळात सर्वाधिक चालतात तो कालखंड होय. सर्वसाधारणपणे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मुख्य हंगाम, मार्च ते मे हा उन्हाळी हंगाम आणि जून ते सप्टेंबर हा पावसाळी हंगाम मानला जातो. ऑक्टोबर हा संक्रमणाचा महिना आहे. भेटीचा काळ निवडताना हवामानाबरोबरच समुद्राची स्थिती, सणवार, खर्च आणि प्रवासमार्ग यांचाही विचार करावा लागतो.

पार्श्वभूमी

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झाला आणि ३० मे १९८७ रोजी त्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कळंगुट, हणजूण या किनाऱ्यांवर पाश्चात्त्य हिप्पी येऊ लागले. ते प्रामुख्याने हिवाळ्यात मुक्काम करीत व पावसाळ्यापूर्वी निघून जात. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोपातून थेट सनदी विमाने येऊ लागल्यावर हाच क्रम व्यावसायिक स्वरूपात रूढ झाला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाल्यानंतर देशांतर्गत पर्यटकांची संख्या वाढली आणि उन्हाळी व दिवाळीच्या सुट्ट्यांनाही हंगामाचे महत्त्व आले. जानेवारी २०२३ मध्ये मोपा येथील विमानतळावरून वाहतूक सुरू झाल्याने दाबोळीला पर्याय उपलब्ध झाला.

हवामान

गोव्याचे हवामान उष्ण व दमट असून वर्षभरातील तापमानात फारसा फरक पडत नाही. ऋतूंमधील खरा भेद पावसाचा आहे. वार्षिक पर्जन्यमान सुमारे ३,००० मिलिमीटर असून त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. जुलै हा सर्वाधिक पावसाचा महिना आहे. नैऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि पश्चिमेकडील उतारावर व किनारपट्टीवर मुसळधार पाऊस देतात.

डिसेंबर व जानेवारीत आकाश निरभ्र असते, आर्द्रता कमी असते आणि रात्रीचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते. मे महिन्यात कमाल तापमान साधारणतः ३३ अंशांच्या जवळपास राहते. हा आकडा मराठवाड्यातील चाळिशीपलीकडील उन्हाच्या तुलनेत सौम्य वाटतो. प्रत्यक्षात दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, त्यामुळे शरीराला होणारा त्रास तापमापकावरील आकड्यावरून कळत नाही.

हंगामनिहाय वैशिष्ट्ये

मुख्य हंगाम (नोव्हेंबर ते फेब्रुवारी): समुद्र तुलनेने शांत असतो. किनाऱ्यावरील तात्पुरती उपाहारगृहे, म्हणजेच शॅक, उभारलेली असतात. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात नोव्हेंबरच्या सुमारास भरतो. ३ डिसेंबर रोजी जुने गोवे येथे संत फ्रान्सिस झेवियर यांचे फेस्त होते. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात गर्दी व निवासाचे दर शिखरावर असतात. जानेवारीचा उत्तरार्ध व फेब्रुवारीत हवामान जवळपास तसेच राहून गर्दी ओसरते. कार्निव्हल फेब्रुवारीत किंवा मार्चच्या प्रारंभी येतो. मोरजी, आगोंद व गालजीबाग येथील किनाऱ्यांवर याच काळात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. चोडण बेटावरील सलीम अली पक्षी अभयारण्यात स्थलांतरित पक्षी दिसतात.

उन्हाळी हंगाम (मार्च ते मे): फाल्गुनात शिगमोत्सव साजरा होतो. काजूचा हंगाम सुरू असतो आणि एप्रिल-मे मध्ये मानकुराद आंबा बाजारात येतो. मेच्या उत्तरार्धात वारे वाढून समुद्र खवळू लागतो. पावसाळ्यापूर्वी शॅक उतरवले जातात.

पावसाळी हंगाम (जून ते सप्टेंबर): १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांनी मासेमारी करण्यास बंदी असते. ती माशांच्या प्रजननासाठी आवश्यक मानली जाते. ताज्या मासळीची आवक त्यामुळे घटते. २४ जून रोजी सांजांव, आषाढी एकादशीनंतर माशेल येथील चिखलकाला आणि ऑगस्टमध्ये दिवाडी बेटावरील बोंदेरा हे उत्सव होतात. भातशेती, धबधबे व सह्याद्रीचे जंगल यांचे सौंदर्य याच काळात खुलते आणि निवासाचे दर उतरतात. दूधसागर धबधबा या दिवसांत सर्वांत भव्य दिसतो, मात्र कुळे येथून जाणारी जीपसेवा पावसाळ्यात बंद असते.

समुद्रस्नान आणि सुरक्षितता

काळाच्या निवडीतील सर्वांत गंभीर मुद्दा समुद्राचा आहे. पावसाळ्यात लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने समुद्राकडे परतते. या पट्ट्यात लाटा कमी फुटत असल्याने तो भाग शांत व सुरक्षित भासतो. त्यात सापडलेली व्यक्ती किनाऱ्याच्या दिशेने थेट पोहण्याचा प्रयत्न केल्यास दमते. प्रवाहाशी न झुंजता किनाऱ्याला समांतर पोहत त्यातून बाहेर पडावे आणि मदतीसाठी हात वर करावा, असे सांगितले जाते. समुद्राची सवय नसलेल्या अंतर्गत भागातील पर्यटकांना नदी किंवा विहिरीतील पोहण्याचा अनुभव येथे पुरेसा ठरत नाही.

गोव्यातील किनाऱ्यांवर २००८ पासून संघटित जीवरक्षक सेवा कार्यरत आहे. लाल-पिवळे निशाण असलेला भाग पोहण्यास योग्य, तर लाल निशाण असलेला भाग निषिद्ध समजला जातो. पावसाळ्यात समुद्रात न उतरण्याची सूचना दिली जाते.

मराठवाड्यातून प्रवास

जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात गोदावरीकाठी वसलेल्या शहागडवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ हा बीड, धाराशिव, सोलापूर, विजयपुरा व हुबळीमार्गे कर्नाटकच्या किनाऱ्यावरील अंकोला येथे संपतो. तेथून राष्ट्रीय महामार्ग ६६ उत्तरेस कारवारमार्गे गोव्यात प्रवेश करतो. मोसमी वाऱ्यांच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे शहागड परिसरातील पाऊस गोव्याच्या पावसाच्या साधारण एक-चतुर्थांश असतो. गावाकडील पावसावरून किनाऱ्यावरील पावसाचा अंदाज बांधणे त्यामुळे चुकीचे ठरते.

पावसाळ्यात हा मार्ग जोखमीचा असतो. १६ जुलै २०२४ रोजी अंकोला तालुक्यातील शिरूर येथे महामार्ग ६६ वर दरड कोसळून जीवितहानी झाली. त्यानंतरच्या महिन्यात कारवारजवळील काळी नदीवरील जुना पूल कोसळला. कोकण रेल्वेही पावसाळ्यात स्वतंत्र वेळापत्रक लागू करून गाड्यांचा वेग कमी ठेवते.

शेतकरी कुटुंबांच्या दृष्टीने मुख्य हंगाम सोयीचा असतोच असे नाही. सोयाबीनची काढणी व कापसाची वेचणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येते, तर ऊसतोडणी हिवाळाभर चालते. शाळांना दीर्घ सुट्टी दिवाळीत व उन्हाळ्यातच मिळते. अशा कुटुंबांना एप्रिलचा उत्तरार्ध किंवा मेचा पहिला पंधरवडा हाच व्यवहार्य पर्याय उरतो. समुद्रकिनारा सकाळी व सायंकाळी पाहून दुपारची वेळ जुने गोवे येथील चर्च, मंगेशी व शांतादुर्गा यांसारखी मंदिरे किंवा संग्रहालये यांसाठी ठेवल्यास उकाड्याचा त्रास कमी होतो.

स्थानिक जीवनावरील परिणाम

हंगामी स्वरूपामुळे शॅक, टॅक्सी, जलक्रीडा व लहान अतिथिगृहे चालविणाऱ्यांचे वर्षभराचे उत्पन्न काही महिन्यांवर अवलंबून असते. मुख्य हंगामात पाणीपुरवठा, कचरा व्यवस्थापन आणि वाहतूक यांवर ताण येतो. कासवांच्या विणीचा काळही हाच असल्याने किनाऱ्यावरील प्रखर दिवे व गोंगाट त्यांना बाधक ठरतात. त्यामुळे पर्यटकांचा ओघ वर्षभर विभागला जावा आणि किनाऱ्याप्रमाणेच अंतर्गत तालुक्यांतही पोहोचावा, या उद्देशाने पावसाळी व ग्रामीण पर्यटनास प्रोत्साहन दिले जाते.

हे सुद्धा पहा

गोवा, नैऋत्य मोसमी वारे, कोकण रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग ५२, शहागड