पहाटेची ती ट्यून आणि एक निर्वासित

हा एपिसोड ऐकत असाल तर उत्तम. इथे वाचत असाल तर आधी एक काम करा. यूट्यूबवर ‘आकाशवाणी सिग्नेचर ट्यून’ टाका, अर्धा मिनिट ऐका आणि परत या.

आलात? खाली तंबोरा, वर व्हायोलिन, बस्स. सोलापूरला आमच्या घरी आजीचा रेडिओ पहाटे याच सुरांनी सुरू व्हायचा. मी अंथरुणात, आजी भाकरीच्या पिठाशी, आणि आजोबा, जे गिरणीतून रिटायर होऊनही शिफ्टच्या वेळेलाच उठायचे, अंगणात. आता नोकरीला पुण्यात आहे. मागच्या महिन्यात हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये शेजारच्या मित्राला ही ट्यून ऐकवली, तर तो म्हणाला, “का बे, ही केली कुणी?” मी छातीठोक सांगितलं, असेल कुणीतरी आपलाच पंडित.

साफ चुकलो होतो. या धूनचं श्रेय सहसा ज्याला दिलं जातं तो वॉल्टर कॉफमन. जन्म १९०७, गाव कार्ल्सबाड, म्हणजे आजच्या चेक देशातलं कार्लोव्ही व्हारी. धर्माने ज्यू. हिटलर आल्यावर युरोप सोडून मुंबईत आलेला निर्वासित.

हा माणूस कच्चा गडी नव्हता. बर्लिनला संगीत शिकला, मग प्रागच्या जर्मन विद्यापीठात पीएचडीसाठी गेला. विषय होता गुस्ताव माहलर. प्रबंध तयार झाला आणि त्याला कळलं की आपले गाइड नाझी युवक संघटनेत पुढारी आहेत. त्याने ती डॉक्टरेट घेतलीच नाही. मी बीटेकच्या फायनल इयरला प्रोजेक्टवर गाइडची सही मिळावी म्हणून तीन दिवस केबिनबाहेर उभा होतो, त्यामुळे हे वाचून जरा गप्पच झालो.

१९३४ च्या फेब्रुवारीत तो मुंबईत उतरला. मुंबईच का? एक, व्हिसा सहज मिळत होता. दोन, भारतीय संगीताच्या रेकॉर्ड्स त्याने ऐकल्या होत्या, आणि त्यातलं त्याला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. इथे तो जो विचार करतो तो मला फार आवडतो. तो म्हणतो, हे संगीत माझ्यासारख्याच बुद्धी आणि मन असलेल्या माणसांनी केलंय, कोट्यवधी लोकांना ते आवडतं, मग दोष माझ्यातच असणार. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड सगळ्यांच्या मशीनवर चालतंय, फक्त माझ्या मशीनवर अडकतंय, म्हणजे आधी माझं मशीन तपासायला हवं. घरदार सुटलेल्या, सत्ताविशीच्या माणसाला हे सुचलं. आपण एखादं गाणं दहा सेकंदांत स्किप करतो.

पण आधी पोटापाण्याचं बघायचं होतं. काही महिन्यांतच त्याने ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ सुरू केली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात मैफल. पियानोवर कॉफमन, चेलोवर एजिदिओ व्हेर्गा आणि व्हायोलिनवर पंचविशीतला एक पारशी, मेहली मेहता. मे १९३७ पर्यंत त्यांचे १३६ कार्यक्रम झाले होते. तीन वर्षं, जवळजवळ दर आठवडा. आमचा पॉडकास्ट पंधरा दिवसांतून एकदा येतो, तोही रडतखडत!

१९३७ पासून कॉफमन ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला आणि १९४६ पर्यंत तिथे होता. शिवरंजनीच्या सुरांवरची ती ट्यून याच काळातली. तिच्यातलं व्हायोलिन मेहलीचं, असंही सांगतात. म्हणजे बघा, आजीच्या रेडिओत रोज पहाटे एक ज्यू निर्वासित आणि एक पारशी यायचे. त्या पारशाचे पूर्वजही शेकडो वर्षांपूर्वी इराण सोडूनच इथे आलेले. आणि ऐकणारे आम्ही सोलापूरकर तरी कुठले? आमच्या पूर्व भागात अर्ध्या घरांत आजही तेलुगू बोलतात. मागाच्या कामासाठी पद्मशाली कुटुंबं आली आणि इथलीच झाली. ते निर्वासित नव्हेत, मान्य. पण सोलापुरी चादर म्हणून आपण जे मिरवतो, ती विणणारे हात बाहेरून आलेत, एवढंच.

आता थोडं कडू. सप्टेंबर १९३९ ला युद्ध पेटलं आणि इंग्रज सरकारने भारतातल्या जर्मन नागरिकांना पकडलं. त्यात नाझींपासून पळून आलेले ज्यूसुद्धा आले, कारण पासपोर्टवर ‘जर्मन’ लिहिलेलं. त्यांना ठेवलं कुठे, तर आपल्या अहमदनगरच्या छावणीत. हिटलर त्यांना जर्मन मानत नव्हता आणि इंग्रज त्यांना जर्मन सोडून दुसरं काही मानायला तयार नव्हते. पुढे चौकशी होऊन यातल्या बऱ्याच ज्यूंना सोडलं. युरोपात राहिले त्यांचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. कॉफमनची बायको गर्टी ही लेखक फ्रान्झ काफ्काची सख्खी भाची. तिची आई एली १९४१ मध्ये लोड्झच्या घेट्टोत पाठवली गेली. ती परत आली नाही.

आता गोष्ट मेहलीकडून पुढे नेऊ. १९३५ मध्ये त्याने बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. दहा वर्षं तो त्याचा पहिला व्हायोलिनवादक होता आणि पुढची दहा वर्षं कंडक्टर. तिथे पारशी, गोवेकर, नौदलाच्या बँडमधले लोक आणि मुंबईत येऊन पडलेले युरोपीय असे सगळे एका स्टेजवर बसायचे. एप्रिल १९३६ ला मेहलीला मुलगा झाला. नाव झुबिन. घरात सतत तालीम, मुलगा त्यातच वाढला. आईवडिलांच्या आग्रहाखातर झेवियर्सला मेडिकलच्या तयारीचे वर्ग केले, मग सोडून १९५४ मध्ये संगीत शिकायला व्हिएन्नाला गेला. (मेडिकल सोडलं म्हटल्यावर घरी काय झालं असेल, हे तुम्हाला मी सांगायला नको.)

आणि १९५६. रशियन रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले, दोनेक लाख माणसं हंगेरी सोडून पळाली, त्यातली बहुतेक ऑस्ट्रियात आली. व्हिएन्नाजवळ छावण्या पडल्या. वीस वर्षांच्या झुबिनने सात दिवसांत विद्यार्थ्यांचा ऑर्केस्ट्रा जमवला आणि एका छावणीत जाऊन निर्वासितांसमोर कार्यक्रम केला. तिथे ना तिकीट होतं, ना समीक्षक. निर्वासिताच्या पियानोशेजारी बाप व्हायोलिन वाजवत होता, आणि मुलाने सुरुवातीलाच कार्यक्रम केला तो निर्वासितांसाठी. या दोन गोष्टींचा थेट संबंध होता असं मी म्हणणार नाही. पण घरात कशी माणसं येतात-जातात याचा मुलांवर परिणाम होतो, हे माझं मत.

झुबिनचं नाव पुढे ज्या ऑर्केस्ट्राशी कायमचं जोडलं गेलं, तोही निर्वासितांचाच. पोलंडच्या ब्रोनिस्लाव हुबरमन या व्हायोलिनवादकाने नाझींनी नोकरीवरून काढलेल्या ज्यू वादकांना गोळा करून तो पॅलेस्टाइनमध्ये उभा केला. पहिला कार्यक्रम २६ डिसेंबर १९३६, तेल अवीव, कंडक्टर तोस्कानिनी. सत्तरेक वादक आणि त्यांची कुटुंबं धरून सुमारे हजार जीव वाचले असं मानतात. पण यातली खरी कळ ऑडिशनमध्ये आहे. हुबरमनला उत्तम ऑर्केस्ट्रा हवा होता, आणि इंग्रजांकडून प्रवेशाचे परवाने मोजून मिळत होते. म्हणजे एखादा व्हायोलिनवाला त्या दिवशी बेसूर वाजला, तर तो युरोपातच राहिला. आपण इंटरव्ह्यूत नापास झालो की पुढच्या कंपनीत अप्लाय करतो.

झुबिन १९६१ मध्ये या ऑर्केस्ट्रासमोर पहिल्यांदा उभा राहिला, १९७७ मध्ये संगीत संचालक झाला, १९८१ मध्ये त्याला ते पद आयुष्यभरासाठी दिलं गेलं, आणि २०१९ मध्ये त्याने स्वतःच ते सोडलं. मध्ये, १९९४ ला, बॉम्बवर्षावात जळालेल्या सारायेव्होच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या अवशेषांत त्याने मोत्सार्टचं रेक्विएम केलं.

पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून पुढे जाणं मला पटत नाही. ज्या भूमीवर त्या निर्वासितांना घर मिळालं, तिथूनच १९४८ मध्ये सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. झुबिनचा जवळचा मित्र डॅनियल बारेनबोइम याने १९९९ मध्ये पॅलेस्टिनी विचारवंत एडवर्ड सैद यांच्यासोबत अरब आणि इस्रायली तरुणांचा एकत्र ऑर्केस्ट्रा काढला, ‘वेस्ट-ईस्टर्न दिवान’. त्याने प्रश्न सुटला का? नाही. पण त्यात शेजारी बसलेल्या दोघांना एका मापात वाजवावं तर लागतं.

आणि कॉफमन? १९४६ मध्ये त्याने मुंबई सोडली. आधी इंग्लंड, मग कॅनडा. विनिपेगच्या सिम्फनीचा तो पहिला कंडक्टर झाला, आणि १९५७ पासून अमेरिकेत ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठात शिकवू लागला. ज्याला एके काळी आपलं गाणं अजिबात कळलं नव्हतं, त्याने १९६८ मध्ये उत्तर हिंदुस्थानी रागांवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि १९७६ मध्ये दक्षिणेच्या रागांवर दुसरा. १९८४ ला तो गेला. त्याच्या स्वतःच्या रचना मात्र कित्येक वर्षं कपाटातच पडून होत्या. टोरंटोचा ‘एआरसी ऑन्सॉम्ब्ल’ हा गट परागंदा झालेल्या संगीतकारांचं विसरलेलं संगीत शोधून वाजवतो. त्यांनी २०२० मध्ये त्याची एक पूर्ण सीडी काढली. स्पॉटिफायवर आहे. मी ती हुतात्मामध्ये, कुर्डुवाडी ते दौंड, सलग ऐकली. मध्येच एक सूर आला आणि मला आजीचं स्वयंपाकघर आठवलं.

पुढच्या एपिसोडमध्ये कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला जाऊ. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. तुमच्या घरात त्या बाजूचं कुणी म्हातारं माणूस असेल, तर आत्ताच विचारून ठेवा आणि व्हॉइस नोट पाठवा. भेटू.