चालत्या यंत्राचे बिऱ्हाड

स्थलांतर हा शब्द बीड जिल्ह्यातील श्रोत्यांना समजावून सांगावा लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन निघालेली बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांच्या तळांवर जातात आणि उन्हाळा लागताना परततात, हे आपण अनेक वर्षे पाहत आलो आहो. या प्रवासातील खरा जाच अंतराचा नसतो. अंतर काय, बैलगाडी किंवा ट्रक तोडतोच. जाच असतो मागे बांधून राहिलेल्या गोष्टींचा. शिधापत्रिका पूर्वी गावच्या दुकानाला बांधलेली असे, पोराचे नाव गावच्या शाळेच्या पटावर. आज आम्ही ज्या स्थलांतराचा इतिहास सांगणार आहो, ते यंत्राचे आहे, माणसांचे नव्हे. आणि माणसांच्या हालांशी त्याची बरोबरी करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु 'मागे काय बांधलेले राहिले?' हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे, आणि हा इतिहास सगळा त्या प्रश्नाभोवती फिरतो.

पीकविम्याची मुदत संपत आलेली असते, सेवा केंद्रापुढे रांग लागलेली असते, आणि आतून उत्तर येते, 'सर्व्हर डाऊन आहे.' हे इंग्रजी शब्द आता आपल्या खेड्यांत 'तलाठी' आणि 'सातबारा' या शब्दांइतकेच रुळले आहेत. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागल्यावर तर दूरच्या शहरातील यंत्र आणि बांधावरचा शेतकरी यांचे नाते फारच जवळचे झाले. यंत्र म्हटले की ते कधीतरी दुरुस्तीस काढावयाचेच. पण त्यावर चाललेले काम थांबवल्यावाचून ते दुसऱ्या यंत्रावर नेता येईल काय?

या प्रश्नाची पहिली पायरी १९६४ सालची आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे आय.बी.एम. कंपनीचे एक शास्त्रीय केंद्र होते. तेथे रॉबर्ट क्रीसी, लेस कोमो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका संगणकाच्या पोटात अनेक संगणक भासवण्याचा उद्योग आरंभला. सीपी-४० या नावाची ती व्यवस्था जानेवारी १९६७ मध्ये कामास लागली. कल्पना अशी की, एकाच वाड्यात अनेक भाडेकरू ठेवावयाचे, पण प्रत्येकाला वाटावे की सगळा वाडा आपलाच. या भासमान संगणकालाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्यात राहणारी कार्यप्रणाली ती पाहुणी, आणि खालचे खरे यंत्र ते यजमान. १९७२ मध्ये हीच कल्पना व्हीएम/३७० या नावाने बाजारात आली, आणि १९७४ मध्ये पोपेक व गोल्डबर्ग यांनी असे सोंग कोणत्या यंत्रावर बिनचूक वठवता येते, याचे नियम बांधून दिले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सोंग कितीही हुबेहूब असले तरी ते महाग पडते. पाहुण्याने तबकडीवर लिहावयाचे म्हटले की यजमानाने मध्ये पडून त्या तबकडीची प्रत्येक हालचाल नाटकातल्यासारखी वठवावयाची! म्हणून त्याच केंब्रिजमध्ये तयार झालेल्या सीएमएस या पाहुण्या प्रणालीला एक आडवाट दिलेली होती. 'डायग्नोज' नावाच्या आज्ञेने ती थेट यजमानाला हाक मारून आपले काम करवून घेई. म्हणजे पाहुण्याला ठाऊक असे की आपण दुसऱ्याच्या घरात आहो. सोंग आणि करार या दोन्ही वाटा अशा आरंभापासूनच शेजारी शेजारी चालत आल्या आहेत, आणि पुढच्या अडचणींपैकी बऱ्याचशा या दोहोंच्या सांध्यात सापडतात.

स्थलांतराचा विचार मात्र प्रथम निराळ्या मार्गाने झाला. १९८० नंतरच्या दशकात सगळा संगणक न हलवता त्यावरील एखादेच चालते काम उचलून शेजारच्या यंत्रावर नेण्याचे प्रयोग झाले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील 'व्ही' प्रणालीच्या कर्त्यांनी १९८५ मध्ये एक नामी युक्ती प्रसिद्ध केली. काम चालू असतानाच त्याची स्मृती पलीकडे उतरवून घ्यावयाची. तेवढ्या वेळात जी पाने बदलली ती पुन्हा उतरवावयाची. आणि बदललेली पाने थोडी उरली की क्षणभर काम थांबवून उरलेसुरले न्यावयाचे. युक्ती उत्तम होती. पण अशा प्रयोगांत काम पलीकडे गेले तरी त्याच्या उघड्या फायली, त्याची येणी-देणी जुन्या यंत्राकडेच राहत. ते यंत्र बंद केले की पलीकडचे कामही कोसळे. ही शिधापत्रिकेचीच कथा झाली.

यावर उपाय निघाला तो बिऱ्हाडच्या बिऱ्हाड हलवण्याचा. दरम्यान १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने साध्या पीसीवर व्हर्च्युअल मशीन चालवून दाखवले होते. २००३ मध्ये तिने व्ही-मोशन या नावाने चालत्या यंत्राचे स्थलांतर बाजारात आणले. त्याच वर्षी इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठातून 'झेन' ही व्यवस्था जाहीर झाली. (दोन केंब्रिजांचा हा योगायोग आम्हाला मोठा मौजेचा वाटतो.) २००५ मध्ये केंब्रिज आणि कोपनहेगन येथील संशोधकांनी तीच पूर्वीची युक्ती संपूर्ण व्हर्च्युअल मशीनला लावली. खेळाडू खेळात गुंतले असताना त्या खेळाचा सर्व्हर एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेला, आणि खंड पडला तो सुमारे ६० सहस्रांश सेकंदांचा. डोळ्याची पापणी लवण्यासही याहून अधिक वेळ लागतो. तबकडी दोन्ही यजमानांना सामाईक असल्याने ती हलवावी लागली नाही, आणि नव्या जागी पोचताच 'आता माझा पत्ता येथे' असा पुकारा जाळ्यावर केला की झाले.

मग बिघडते कोठे? पहिली खोड स्मृतीची. पाहुणा पाने इतक्या वेगाने बदलत असेल की तारेतून ती तितक्या वेगाने जातच नाहीत, तर फेऱ्यांमागून फेऱ्या होतात आणि स्थलांतर संपत नाही. तेथे पाहुण्याचा वेग थोडा आवरावा, अथवा रुंद वाट द्यावी. दुसरी खोड प्रोसेसरची. नव्या यजमानाचा प्रोसेसर जुन्या पिढीचा असला आणि पाहुण्याने निघतेवेळी नव्या आज्ञा पाठ केलेल्या असल्या, तर पलीकडे पोचल्यावर तो कोणा एका आज्ञेवर अडखळून पडतो. म्हणून जाणते व्यवस्थापक सर्व यजमानांत जे समान आहे तेवढेच पाहुण्याला प्रथमपासून दाखवतात. घड्याळाचीही एक कटकट आहे : थांबलेल्या क्षणाचा हिशेब चुकला तर पाहुण्याची वेळ उडी मारते आणि बँकेच्या नोंदींचा क्रम संशयित होतो.

पण सर्वांत चिवट प्रकरण ड्रायव्हरचे. ड्रायव्हर म्हणजे कार्यप्रणालीला एखादे उपकरण वापरावयास शिकवणारा दुभाषा. व्हीएमवेअरने आरंभी प्रत्येक पाहुण्यापुढे एएमडी कंपनीच्या 'लान्स' या जुन्या नेटवर्क कार्डाचे सोंग उभे केले. कारण त्याचा दुभाषा जवळजवळ प्रत्येक प्रणालीजवळ आधीच होता. सोंग सर्वांना ओळखीचे, पण संथ. वेग हवा असेल तर पाहुण्याच्या आत खास दुभाषा बसवावा लागे, म्हणजे पुन्हा करार! असे करार प्रत्येक यजमानाचे वेगळे होऊ लागले, तेव्हा ऑस्ट्रेलियातील रस्टी रसेल यांनी 'व्हर्टिओ' हा सर्वांसाठी एक करार मांडला आणि २००८ च्या आरंभी तो लिनक्समध्ये दाखल झाला. इस्रायलमधील क्युमरानेट कंपनीची केव्हीएम व्यवस्था त्यापूर्वी, २००७ मध्ये, लिनक्सचा भाग झाली होती. २००८ मध्ये ती कंपनी रेड हॅटने घेतली. पुण्यातील अभियंत्यांनीही पुढे या कामात हात घातला. मराठवाड्यापासून ते फार दूर नाही, हे येथील विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

करार केल्याने वेग आला. पण पाहुण्याने जुन्या घराच्या खुंटीला दोर बांधला. एखाद्या पाहुण्याला खरेच कार्ड थेट हाती दिले तर तो सुसाट धावतो, पण ते कार्ड त्याच यजमानात खिळलेले असल्याने साध्या रीतीने त्याचे चालते स्थलांतर होत नाही. येथे वेग आणि मोकळीक यांत निवड करावी लागते. आमच्या मते पुष्कळदा ही निवड कोणी केलेलीच नसते. ती नकळत होऊन बसते आणि दुरुस्तीच्या रात्री उघडकीस येते.

२०२३ च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि डिसेंबरात कायमचे परवाने विकणे बंद झाले. मग कित्येक संस्थांनी वाडाच बदलावयाचे ठरवले. हे स्थलांतर बहुधा चालत्या यंत्राचे नसते, यंत्र बंद करूनच करतात. पण दुभाष्याचा प्रश्न येथे उघडा पडतो. विंडोज नव्या घरी उठू पाहते आणि निळा पडदा दाखवून बसते. अर्थ एवढाच, की ज्या तबकडीवरून उठावयाचे तिचा दुभाषा तिच्याजवळ नाही. लिनक्समध्ये तोच दोष आरंभीच्या छोट्या प्रतिमेत व्हर्टिओ न घातल्याने होतो. यंत्र उठलेच तर पुढे निराळे कोडे : सर्व ठीक दिसते, पण जाळ्यावर कोणाशी बोलणे होत नाही. विंडोजने जुन्या कार्डाची आठवण जपून ठेवलेली असते आणि पत्ता त्या नाहीशा झालेल्या कार्डाच्याच नावे असतो. लपवलेली उपकरणे दाखवावयास सांगून ते भूत काढावे आणि पत्ता नव्या कार्डाला द्यावा.

म्हणून अनुभवी माणूस निघण्यापूर्वीच, जुन्या घरात असतानाच, नव्या घरचे दुभाषे पाहुण्याच्या आत बसवून ठेवतो. पाहुण्याला एक लहानशी व्हर्टिओ तबकडी जोडून विंडोज ती ओळखते की नाही हे पाहतो. पत्त्यांची नोंद कागदावर करतो. आणि सर्वांत बिनमहत्त्वाचे यंत्र प्रथम हलवतो. ते सकाळपर्यंत नीट चालले, तरच दुसऱ्या रात्री सातबाऱ्याच्या किंवा पतपेढीच्या यंत्राला हात लावतो.