अमरावतीचा आखाडा आणि त्याचे उन्हाळी वर्ग

महाराष्ट्रातील तालीम ही केवळ अंग कमावण्याची जागा कधीच नव्हती. पनवेलजवळच्या शिरढोण येथे १८४५ साली जन्मलेले वासुदेव बळवंत फडके पुण्यात लहुजी वस्तादांच्या तालमीत घडले आणि १८७९ मध्ये त्यांनी इंग्रजी सत्तेविरुद्ध शस्त्र उचलले. गल्लीतल्या तालमीला संस्थेचे रूप देण्याचे काम पुढे ज्यांनी केले, त्यांत अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

अनंत कृष्ण वैद्य आणि अंबादासपंत वैद्य या बंधूंनी १९१४ साली मंडळाची स्थापना केली. नावातील 'प्रसारक' हा शब्द सहज आलेला नसावा. आखाड्यात येणाऱ्यांकडून दंड-बैठका काढून घेणे हा एक भाग झाला. पण गावोगावी व्यायाम न्यायचा तर तो शिकवणारी माणसे हवीत. इंग्रजी शाळांतून तेव्हा कवायत होती. कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम यांना मात्र अभ्यासक्रमात फारसे स्थान नव्हते. वस्तादाची विद्या त्याच्याबरोबरच जाण्याचा धोका होता.

यावर मंडळाने काढलेला तोडगा म्हणजे १९२४ मध्ये सुरू झालेला उन्हाळी वर्ग. शाळांना सुटी असल्याने शिक्षक व विद्यार्थी मोकळे असत. विदर्भातील उन्हाळा अंगाची लाही करणारा. मे महिन्यात पारा सहज चाळिशी ओलांडतो. तशा दिवसांत परगावाहून येऊन आखाड्यात घाम गाळणे ही हौसेपलीकडची गोष्ट होती. एक शिक्षक तयार झाला, की त्याच्यामागे एका शाळेची मुले तयार होण्याची शक्यता असे. वर्गाचे खरे बळ या हिशेबात होते.

परकीय सत्तेच्या काळात शरीर कमावण्याचा आग्रह राजकारणापासून अलिप्त राहणे शक्य नव्हते. खेडचे शिवराम हरी राजगुरू यांनी अमरावतीच्या या आखाड्यात शिक्षण घेतल्याचे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. २३ मार्च १९३१ रोजी लाहोरला भगतसिंग व सुखदेव यांच्यासमवेत ते फाशी गेले, तेव्हा त्यांनी वयाची २३ वर्षेही पूर्ण केली नव्हती.

१९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. त्या स्पर्धेतील ध्यानचंद यांच्या संघाचे हॉकीतील सुवर्णपदक सर्वांच्या स्मरणात आहे. अमरावतीच्या पथकाची आठवण विदर्भाबाहेर क्वचितच निघते. पदकतालिकेत प्रात्यक्षिकांना जागा नसते, एवढेच त्याचे कारण. कबड्डीला आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ म्हणून प्रवेश मिळाला तो १९९० मध्ये, बीजिंग येथे. म्हणजे बर्लिननंतर तब्बल ५४ वर्षांनी. दरम्यान १९४९ मध्ये स्वीडनमधील लिंगियाड या व्यायाम महोत्सवातही मंडळाचे पथक जाऊन आले होते.

स्वातंत्र्यानंतर उन्हाळ्यापुरते शिक्षण अपुरे पडू लागले. शाळांना पदवीधर शारीरिक शिक्षक हवे होते. १९६७ मध्ये मंडळाने शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय सुरू केले आणि सुटीत चालणाऱ्या वर्गातून उगवलेले काम वर्षभराचे झाले.